किरकोळ झीज

भिंगाचा दिवा बंद होता आणि जयवंतीताई तपासणी करत होत्या.

आधी माझ्या लक्षात आलं नाही. आमची टेबलं शेजारी शेजारी, त्यांचं चार नंबर, माझं पाच. प्रत्येक टेबलावर वाकणाऱ्या दांड्याचं मोठं भिंग आणि त्याच्या कडेनं गोल दिवा. त्या उजेडाशिवाय फोनच्या चार्जिंग पोर्टच्या आतलं काही दिसत नाही, नुसता काळोख. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर मी जागेवर आले, तेव्हा त्यांचं काम सुरू झालं होतं. फोन उचलायचा, भिंगाखाली धरायचा, जरा तिरका करायचा, मान हलवायची, ट्रेमध्ये ठेवायचा. एक झाला, दोन झाले. सहावा फोन ठेवल्यावर मी हात लांब करून त्यांच्या दिव्याचं बटण दाबलं. लख्ख उजेड पडला. तो पडलाय हे कळायलाही त्यांना एक क्षण लागला.

"ताई, दिवा बंद होता."

"होय? गेला असेल मघाशी."

"गेला नव्हता. तुम्ही लावलाच नव्हता."

त्यांनी हातातला फोन खाली ठेवला. पलीकडच्या रांगेत बायकांच्या गप्पा चालल्या होत्या, कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"ताई."

"दिवाळीपासून," त्या म्हणाल्या. "डावा गेल्यातच जमा आहे. उजव्याला मधोमध डाग दिसतो, पाण्यात शाई सांडल्यासारखा. कडेकडेनं दिसतं गो. चालता येतं, भाकऱ्या होतात. हे बारीक तेवढं दिसत नाही."

"मग तपासता कशा?"

"हाताला कळतं." त्यांनी माझं बोट धरून एका फोनच्या पोर्टवर ठेवलं, दुसऱ्या हातात चार्जरची वायर दिली. "घाल आत. आता जरा डावी-उजवीकडे हलव. कळलं? हा पोर्ट सैल झालाय. माणसानं गाडीत बसून, उशीखाली दाबून चार्जिंग केलेलं. आता ह्या दुसऱ्यात घाल. कसा घट्ट धरतोय बघ."

मी हलवून बघितलं. त्यांचं बरोबर होतं.

"कुणाला सांगू नको, हर्षू. तेजलचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. ती कामाला लागली की मी सुट्टी घेऊन डोळ्यातली इंजेक्शनं घेणार. कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलंय, घेतली तर उजवा वाचेल. पण दर महिन्याला चार दिवस घरी बसायचं म्हटलं तर इथं कोण ठेवून घेईल?"

"नाही सांगणार," मी म्हणाले.

ही आठ-नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. भिवंडीच्या बाहेर, गोदामांच्या रांगेत आमचं एक गोदाम होतं. लोकांनी विकलेले जुने फोन तिथं पोत्यांनी यायचे. ते पुसायचे, तपासायचे, दुरुस्त करायचे आणि नवा खोका देऊन पुन्हा विकायचे, हा धंदा. तपासणीला आम्ही अकरा बायका. कुणी स्क्रीन बघायचं, कुणी कॅमेरा, कुणी बॅटरी. माझ्याकडे आणि जयवंतीताईंकडे चार्जिंग पोर्ट. पोर्टच्या आत नखाच्या टोकाएवढी एक जीभ असते, तिच्यावर केसासारख्या बारीक पिना. त्या सगळ्या सरळ आणि चकचकीत असल्या तर ए ग्रेड. कडेला ओरखडे, रंग उडालेला, थोडी झीज, पण काम चोख, तर बी. पिन वाकडी, गंज, पोर्ट सैल, तर सी. सी म्हणजे दुरुस्तीला. बीच्या खोक्यावर खाली बारीक अक्षरांत छापलेलं असायचं, 'पोर्टला वापरामुळे किरकोळ झीज.' फोनवर ग्रेडचं स्टिकर लागायचं, त्याच्या कोपऱ्यात तपासणाऱ्याच्या टेबलाचा नंबर, म्हणून प्रत्येक टेबलाचे स्टिकरचे रोल वेगळे.

मी तिथं लागले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. लग्न मोडून कोनगावला आईकडे परत आलेली. कुणाशी बोलायचे नाही, डबा भिंतीकडे तोंड करून खायचे. तिसऱ्या दिवशी जयवंतीताई स्वतःचा डबा घेऊन माझ्या आणि भिंतीच्या मध्ये येऊन बसल्या. "भिंत काय बोलते का?" म्हणाल्या आणि सुक्या जवळ्याची चटणी माझ्या पोळीवर ठेवली. मला काम त्यांनी शिकवलं. त्या पडघ्याच्या पुढच्या गावातल्या, नवरा तेजल सहा वर्षांची असताना वारलेला. जयवंती शेलार हे नाव आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. कारण त्या चार वर्षं तिथं होत्या आणि त्यांनी तपासलेला एकही फोन तक्रार होऊन परत आला नव्हता.

दिव्याच्या त्या प्रकारानंतर मी त्यांचा ट्रे माझ्या टेबलाजवळ ओढून घेऊ लागले. त्यांनी हातानं तपासायचं, मी मागून भिंगातून बघायचं. सैल पोर्ट त्यांना माझ्यापेक्षा आधी कळायचा. ओरखडे, गंज, वाकडी पिन माझ्याकडे. महिनाभर हे सुरळीत चाललं. मला तर ते आवडायचंही. कुणाला तरी माझी गरज आहे असं त्या वर्षात पहिल्यांदाच वाटत होतं.

मग त्या घाबरायला लागल्या. डोळ्यातला डाग पसरत होता. हाताला जरा काही वेगळं लागलं, जरा वायर अडकली, की फोन सरळ सीमध्ये टाकायच्या. "उगाच कुणाच्या घरी वाईट फोन जायला नको," म्हणायच्या. दिवसाला दहा सी जायचे तिथं तीस जायला लागले. दुरुस्तीवाले वैतागले, कारण त्यातले निम्मे धडधाकट निघत.

चौबळ सर आमचे सुपरवायझर. ओरडणारा माणूस नव्हता. एके दिवशी ते येऊन माझ्या टेबलाजवळ उभे राहिले. जयवंतीताई पाणी प्यायला गेल्या होत्या.

"चार नंबरवरून एवढे सी का येतायत, हर्षला?"

"माल खराब येतोय सर."

"मग पाच नंबरवर कसा चांगला येतो? एकाच पोत्यातला माल आहे." ते जरा थांबले. "पावसाळ्यात लाईन लीडरची जागा भरायची आहे. मी तुमचं नाव दिलंय. तुमच्या आजूबाजूला काय चाललंय, यावर तुमचं लक्ष असायला हवं."

त्या दिवसापासून मी आणखी एक काम करू लागले, आणि हे मी जयवंतीताईंना सांगितलं नाही. त्यांनी सीमध्ये टाकलेले फोन मी बघायचे. खरंच खराब असतील ते तसेच ठेवायचे. उगाच टाकलेले असतील त्यांचं स्टिकर सोलून काढायचे आणि त्यांच्याच रोलवरचं बीचं स्टिकर लावायचे. त्यांना कळायचं नाही. कळलं असतं तर आपलं काम चुकतंय असं वाटून त्या दुसऱ्याच दिवशी घरी बसल्या असत्या, अशी माझी समजूत होती. सीचा आकडा खाली आला. चौबळ सर पुन्हा विचारायला आले नाहीत.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, सकाळी साडेअकराच्या सुमाराला, सरांनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक फोन होता, प्लास्टिकच्या पिशवीत. खालची कड वितळून काळी झालेली. बाजूला सरांचा टॅब.

"बसा," ते म्हणाले. आम्ही उभ्याच राहिलो.

"हा फोन मार्चमध्ये आपल्याकडून गेला. नगरकडच्या एका कुटुंबानं घेतला. पंधरा दिवसांपूर्वी चार्जिंगला लावला होता, पोर्टमध्ये शॉर्ट झाला, वायरचं टोक वितळलं. घरात चार वर्षांची मुलगी आहे. तिनं तो उचलला." त्यांनी टॅब जयवंतीताईंच्या हातात दिला. "हा तिच्या हाताचा फोटो. स्टिकर बी, टेबल चार."

जयवंतीताईंनी टॅब धरला. मान थोडी तिरकी केली, जशी कडेनं बघण्यासाठी करायच्या तशी. मला बाजूनं फोटो दिसत होता. लहान तळवा, पांढरी पट्टी अर्धवट सोडलेली, आणि दोन बोटं एकमेकांना चिकटल्यासारखी. मी नजर काढून घेतली.

"बघितलं?" सर म्हणाले.

"हो सर."

"कुठला हात आहे?"

त्यांनी टॅब आणखी जवळ घेतला.

"जयवंतीबाई, डावा की उजवा? फोटोत स्पष्ट आहे."

त्यांचा अंगठा टॅबच्या काचेवरून हळूहळू फिरला, जणू हातानं कळेल. मग त्यांनी टॅब अंदाजानं टेबलावर ठेवला. तो कडेवर टेकला आणि सरांनी पटकन धरला. त्यांना जे समजायचं ते समजलं. ते माझ्याकडे वळले.

"तुम्ही यांच्या शेजारी बसता. यांना दिसतं का?"

भिंतीवरच्या पंख्याचा आवाज येत होता. जयवंतीताई माझ्या दिशेनं बघत नव्हत्या, समोर बघत होत्या.

"नाही सर," मी म्हणाले. "त्यांना दिसत नाही."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि तुम्ही आम्हाला सांगितलं नाही."

"तिला मी शपथ घातली होती," जयवंतीताई मध्येच म्हणाल्या. "तिची काही चूक नाही सर. सगळं माझ्यामुळे. पोरीचं नाव काय?"

"नाव कशाला?"

"देवापुढं घ्यायला."

सरांनी नाव सांगितलं नाही. त्यांना ठाऊक नसेल किंवा सांगावंसं वाटलं नसेल. दुपारच्या आत जयवंतीताईंचा हिशेब झाला. मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. त्यांनी एका हातात डब्याची पिशवी धरली होती आणि दुसऱ्यानं माझा दंड.

"तुला बोलावं लागलं माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. "मनाला लावून घेऊ नको, बाय. खोटं बोलायला नकोच होतं. मी तुला पापात ओढली."

रिक्षा आली. त्यांना पायरी दिसली नाही, मी पाय धरून वर ठेवला.

आता केबिनमध्ये मी जे सांगितलं नाही ते सांगते.

तो फोन मी पिशवीतूनही ओळखला होता. गर्द लाल रंगाचा, पाठीला एका कोपऱ्यात नेलपॉलिशचा ठिपका. मार्चमध्ये जयवंतीताईंनी तो सीमध्ये टाकला होता. टाकताना म्हणाल्याही होत्या, "हर्षू, ह्यात काहीतरी आहे गो. वायर आत जाताना खसखसते." सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती. मी भिंगाखाली धरला. पोर्टच्या जिभेच्या मुळाशी हिरवा ठिपका होता, तांब्याच्या भांड्यावर कळंक चढतो तसा, मोहरीच्या दाण्याएवढा. एक पिन केसभर कलली होती. त्या दिवशी त्यांचे सी सव्वीस झाले होते. मला पंचविसाच्या आत ठेवायचे होते. इतका बारीक डाग, म्हटलं, पुसला की जाईल. ब्रश फिरवला, पुरता गेला नाही. मी स्टिकर सोललं आणि बीचं लावलं.

हाताला जे कळलं होतं ते बरोबर होतं. डोळे माझे चांगले होते.

सरांनी मला विचारलं ते यांना दिसतं का, एवढंच, आणि मी खरं उत्तर दिलं. मी एक अक्षरही खोटं बोलले नव्हते. हे मी रिक्षा गेल्यावर फाटकात उभी राहून स्वतःला सांगितलं, आणि पुढचे दहा महिने सांगत राहिले. जुलैत मी लाईन लीडर झाले. गळ्यातल्या ओळखपत्राला वेगळ्या रंगाची पट्टी आली. जयवंतीताईंकडे एकदाही गेले नाही. आज जाऊ, या रविवारी जाऊ, असं करत करत होळी आली.

एप्रिलमध्ये तेजल गोदामाच्या फाटकावर आली. वॉचमननं मला बोलावलं. मी तिला एकदाच, दोन वर्षांपूर्वी, तिच्या आईबरोबर बघितलं होतं. आता अंगावर नर्सचा पांढरा पोशाख होता, ड्यूटीवरून थेट आलेली.

"हर्षलाताई, तुमच्याकडे एक काम होतं."

"आई कशा आहेत?"

"डावा डोळा गेला. उजव्याचं थोडं राहिलंय. मी जिथं कामाला आहे तिथं इंजेक्शनांची सोय झाली, डॉक्टर ओळखीचे आहेत, सगळं होतंय. आई येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"नको म्हणते. तीनदा तारीख घेतली, तिन्ही वेळा आंघोळ करून, साडी नेसून तयार झाली आणि दारातून परत फिरली. का म्हणून विचारलं तर गप्प बसते. डॉक्टर म्हणाले, आणखी दोन-तीन महिने गेले तर काही करता येणार नाही." तिचे डोळे भरून आले, पण तिनं रडू येऊ दिलं नाही. "ती तुमचं नाव काढते. म्हणते, हर्षूची माझ्यावर फार माया होती. तुम्ही सांगितलं तर ऐकेल."

रविवारी सकाळी मी गेले. दोन खोल्यांचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण, तुळशीजवळ वाळत घातलेल्या मिरच्या. जयवंतीताई उंबऱ्यावर बसून लसूण सोलत होत्या. बारीक झाल्या होत्या. माझ्या पावलांचा आवाज ऐकून हात थांबला.

"कोण?"

"मी, हर्षला."

"अगो बाय!" त्या उठायला गेल्या, परात कलंडली, लसणाच्या पाकळ्या अंगणभर झाल्या. मी वाकून गोळा करू लागले, तेवढाच वेळ तोंड लपवायला. त्यांनी माझं डोकं चाचपडून धरलं आणि दोन्ही हातांनी कुरवाळलं. "किती वाळलीस! जेवतेस ना? आता तू मोठी साहेब झालीस म्हणे."

तेजलनं चहा केला. आम्ही आत बसलो. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विषय काढला.

"ताई, तेजल सांगत होती इंजेक्शनांचं."

"हां."

"का नाही घेत?"

"दुखतं म्हणे डोळ्यात."

"तुम्ही दुखण्याला भिणाऱ्या नाही."

तेजल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"तुला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या. "त्या पोरीच्या हाताचं काय झालं, मला कुणी सांगितलं नाही. पण मला माहीत आहे. भाजलेली बोटं एकमेकांना चिकटतात, मोठेपणीही तशीच राहतात. तिला पेन धरता येणार नाही, पोळी लाटता येणार नाही. लोक विचारतील काय झालं, तर ती काय सांगेल? कुणी एक आंधळी बाई पोटासाठी लबाडी करून कामावर बसली होती, तिनं माझा हात जाळला. देवानं माझा एक डोळा घेतला तेव्हाच मला कळायला हवं होतं, काम सोडायला हवं होतं. नाही सोडलं. आता तो दुसरा मागतोय. तेवढा देऊन टाकते."

"आई!" तेजल म्हणाली.

"तू मध्ये बोलू नको. तू चार लोकांची सेवा करतेस, त्यात मला समाधान आहे."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. मला वाटलं होतं, मी त्यांना समजावेन, हात धरून दवाखान्यात नेईन आणि माझं ओझं न बोलताच हलकं होईल. तसं होणार नव्हतं.

"ताई, तुम्ही तो फोन बीमध्ये टाकला नव्हता," मी म्हणाले.

"काय?"

"लाल फोन. तुम्ही सीमध्ये टाकला होता. मला म्हणालात, वायर खसखसते. मी बघितला, आत गंज होता. आणि मी तुमचं स्टिकर काढून बीचं लावलं. मी लावलं, ताई. तुमचे सी वाढत होते, सर विचारत होते, म्हणून मी रोज असं करायचे. त्या मुलीचा हात तुमच्यामुळे नाही भाजला. माझ्यामुळे भाजला."

मी एका दमात बोलले. बाहेर कोंबडी ओरडत होती. जयवंतीताईंचा चेहरा माझ्याकडे होता. मी वाट बघत होते, आता त्या उठतील, घराबाहेर हो म्हणतील, एक थोबाडीत देतील.

त्या हसल्या. अगदी मायेनं हसल्या.

"तेजलनं शिकवलं का असं बोलायला?"

"नाही ताई. खरं सांगतेय."

"मग तुझी तूच ठरवून आलीस. मला वाचवायला." त्यांनी माझा हात शोधला आणि मांडीवर घेऊन थोपटला. "माझ्या रोलवरचं स्टिकर होतं, हर्षू. नंबर चार. मला दिसत नव्हतं, कुठलं स्टिकर कुठं लावलं मला तरी काय ठाऊक? तू शेजारी बसून माझ्या मागून एकेक बघायचीस. तू एवढी मोठी चूक करशील? तुझे डोळे गरुडासारखे."

"मी केली. घाई होती, सुट्टी व्हायला—"

"पुरे."

मी फोन काढला आणि चौबळ सरांना लावला, स्पीकरवर. रविवार होता, पण त्यांनी उचलला. मी सगळं सांगितलं, फोनच्या रंगापासून स्टिकरपर्यंत, जयवंतीताईंच्या समोर.

"सर," जयवंतीताई पुढं झुकून म्हणाल्या, "मी जयवंती बोलते. पोरीचं मनावर घेऊ नका. मी डोळ्याचं औषध घेत नाही म्हणून ही माझी चूक आपल्या अंगावर घेतेय. तिला कामावरून काढू नका, हात जोडते. घरी म्हातारी आई आहे तिची."

"आई, तू ऐक तरी!" तेजल ओरडली.

पलीकडून सरांचा सुस्कारा ऐकू आला. सुटल्यासारखा. "कळलं मला, जयवंतीबाई," ते म्हणाले. "ते प्रकरण केव्हाच मिटलंय. हर्षलाची काळजी करू नका. तुम्ही तब्येत सांभाळा." आणि फोन बंद झाला.

जयवंतीताईंनी माझ्या गालावर हात ठेवला. "अशी पोर पोटी यायला पुण्य लागतं," म्हणाल्या. मग जेवूनच जा म्हणून आग्रह करत बसल्या. माझ्यासाठी त्यांनी तेजलला जवळ्याची चटणी करायला सांगितली. मी जेवले. पोटभर जेवले, कारण त्या समोर बसून, कान देऊन, मी किती खातेय ते ऐकत होत्या.

निघताना तेजल रस्त्यापर्यंत आली. वडापची जीप येईपर्यंत उन्हात उभ्या होतो. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मी उद्या परत येते," मी म्हणाले. "पुन्हा सांगते. सरांना घेऊनच येते."

"आईला पटलं नाही, ताई," ती म्हणाली. "मला पटलं."

वडाप दिसायला लागलं होतं. तिनं हात करून ते थांबवलं.

"आता येऊ नका. ती शंभरदा ऐकेल आणि शंभरदा तुम्हाला आणखी चांगली म्हणेल. मला ते ऐकवत नाही."

मी पुढच्याच आठवड्यात नोकरी सोडली. राजीनाम्यात कारण लिहिलं, सगळं सविस्तर. चौबळ सरांनी तो कागद परत दिला आणि म्हणाले, 'घरगुती अडचण' एवढंच लिहा. मी तेवढंच लिहिलं. नगरच्या त्या कुटुंबाचा पत्ता मागितला, तो मिळाला नाही.

नवरात्राच्या सुमाराला तेजलचा मेसेज आला. 'आईचा उजवा डोळाही गेला. कळवायचं म्हणून कळवलं.' मी काय उत्तर लिहावं हे ठरवत बसले. तेवढ्यात खाली दुसरी ओळ उमटली.

'रोज संध्याकाळी देवापुढे बसते. आधी त्या मुलीसाठी हात जोडते. मग तुमच्यासाठी.'